मुलाखतीत काय सांगायचं

वेणूबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तरी पनवेलच्या कोळीवाड्यातली त्यांच्या ओटीवरची शिकवणी काही बंद पडली नव्हती. प्रितम तिथला सगळ्यात मुरलेला विद्यार्थी. दहावीला आपटलेला, मग बाईंनी मानगूट धरून पार केलेला, आणि आता बारावी होऊन बाईंपेक्षा हातभर उंच झालेला.

पंधराव्या वर्षी मोठ्या पोरांच्या नादी लागून तो खारघरच्या एका बांधकामावर तांब्याची वायर चोरताना सापडला होता. काही महिने निरीक्षणगृहात काढून आला. वाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बारावीनंतर वाड्यातल्या काशिरामकाकाने त्याच्यासाठी तळोज्याला कंपनीत हेल्परची जागा बघून ठेवली. प्रितमला मात्र अशा पकडलेल्या पोरांसाठीच काम करायचं होतं. आधी तो वकील व्हायचं म्हणत होता. बाईंनी विचारलं, तू आत होतास तेव्हा तुझ्या उपयोगी कोण पडलं? तो म्हणाला, वकील तारखेला दिसायचे. पण परिवीक्षा अधिकारी मॅडम घरी आल्या होत्या. आईच्या मासळीच्या पाटीशेजारी बसल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलल्या, आणि मग बाल न्याय मंडळाला त्याच्याविषयी लिहून दिलं. बाई म्हणाल्या, मग तेच शिक. समाजकार्याच्या पदवीसाठी मुंबईच्या एका कॉलेजात अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

आता पोर अडलं. हेच काम का, असं विचारतीलच. खरं सांगावं तर दारातूनच परत पाठवतील. लपवावं तर पहिल्याच दिवशी खोटं. बाईंनी ओळखीच्या वकिलाला विचारून ठेवलं होतं. लहानपणीचं प्रकरण शिक्षणाच्या आड येत नाही, ते सांगण्याची सक्तीही नाही. पण कायद्याने भीती थोडीच जाते.

सराव म्हणून बाई ओटीवर टेबल मांडून, चष्मा चढवून बसल्या. “नाव?” एवढंच विचारलं, तर प्रितम ताडकन उभा राहिला, हात पाठीमागे, मान खाली, आणि नाव, बापाचं नाव, गाव एका दमात म्हणून मोकळा झाला. आत हजेरी अशीच द्यायची असते, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी टेबल घरात ढकललं, सुपात सुका जवळा आणला आणि त्याला जमिनीवर बसवून निवडायला दिला.

हात कामाला लागले तसं तोंडही सुटलं. आत एक लहानगा रोज रडायचा, म्हणून प्रितम त्याला मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचची गोष्ट सांगायचा. धक्का, डिझेलचा वास, मागे लागलेले पक्षी. लाँच कधी मुंबईला पोहोचलीच नाही, पोरगं अर्ध्या वाटेतच झोपायचं.

“हे सांग की त्यांना,” बाई म्हणाल्या.

“मंग इचारतील, तू तिथं काय करत व्हतास?”

बाईंकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असे. या खेपेला त्यांनी ते ओठांवरच अडवलं. “ते तुझं तू ठरव, बाळा. सांगितलंस तरी तू माझाच, नाही सांगितलंस तरी माझाच.”

मुलाखतीच्या दिवशी बाई सोबत गेल्या आणि कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. प्रितम बाहेर आला तेव्हा कानामागून घाम ओघळत होता.

“सांगितलं, बाई. आत व्हतो म्हनून सांगितलं.”

“मग?”

“एक सर म्हनले, काय केलं व्हतंस? मी म्हनलं, तुमी मदतीसाठी तुमच्याकडं येनाऱ्या पोरांना पयलं हेच इचारता काय?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, असं बोलतात होय मोठ्यांशी?”

“त्यांच्या शेजारच्या मॅडम हसल्या. सरांना म्हनल्या, घ्या, आता द्या उत्तर. मंग घरचं इचारलं, आयचं इचारलं. सोमवारी प्रवेशाला बोलावलाय.”

बाईंनी पदराने त्याचा घाम पुसला. आजूबाजूची मुलं बघत होती, तरी त्याने पुसू दिला. मग एकदम त्याचा चेहरा पडला.

“बाई, पन कंपनीतल्या जागेचं काशिरामकाकाला कोन सांगंल? तो तं मला वाड्यातनं हाकलंल.”

“त्याला मी सांगते,” बाई उठत म्हणाल्या. “तोही माझ्याच हाताखालून गेलाय.”