रेग्युलेटरचं नाक

संस्कृती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून माणसाने दाबावर मिळवलेला ताबा होय. हे वाक्य बिस्किट कारखान्याच्या मालकांचं. भट्टीसाठी नवा गॅस प्रेशर रेग्युलेटर आला त्या दिवशी त्यांनी ते रेग्युलेटरच्याच खोक्यावर उभं राहून उच्चारलं. ‘ताबा’ या शब्दाला खोक्याची फळी मोडली आणि मालकांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं.

पाय सोडवून घेता घेता मालकांनी मुद्द्याचं सांगितलं. जुन्या रेग्युलेटरच्या लहरीमुळे बिस्किटं एका कडेला कोळसा आणि दुसऱ्या कडेला कणीक अशी निघत होती. नवा नीट बसला आणि तपासणीत पास झाला तर देखभाल विभाग फिटरकडेच राहील. नापास झाला तर देखभालीचं काम बाहेरच्या कंपनीला, आणि फिटरने पॅकिंगमध्ये रुजू व्हायचं.

फिटरला सगळे कानसेन म्हणत. गळती तो नुसत्या कानाने ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याच्या तोंडाचाही वाटा होता. पॅकिंगचं नाव ऐकून त्याचा चेहरा पडला. तिथे काम हलकं होतं, पंखे होते, बसायला स्टूल होतं. पण तिथल्या प्रमुख त्याच्या सौभाग्यवती होत्या.

“घरी साहेब तीच, इथेही साहेब तीच,” तो भट्टीवाल्याला म्हणाला, “मग माणसाने तक्रार करायची कुणाकडे?”

“सासऱ्यांकडे,” भट्टीवाला म्हणाला. “पण त्यांनी विकलेला माल परत घेतल्याचं ऐकिवात नाही.”

बाईंनाही त्याची हौस नव्हती. “मला मेलीला काय करायचाय हा माणूस इथे?” त्या पॅकिंगमधल्या बायकांना म्हणाल्या. “घरात चमचा जागेवर ठेवत नाहीत. इथे पुड्यात बिस्किटांऐवजी पाने-पकडी भरतील. आणि गिऱ्हाईक मला विचारेल.”

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासणी करणारे गॅससुरक्षा अधिकारी म्हणजे बाईंचे धाकटे बंधू. नातेवाइकांना सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून हा गृहस्थ नातेवाइकांच्या बाबतीत दुप्पट कडक असे. मागे एकदा बहिणीकडे जेवायला आला तेव्हा शेगडीची नळी मुदत संपलेली निघाली. त्याने तिथल्या तिथे गॅस बंद करवला. त्या रात्री सगळे उपाशी झोपले, पाहुण्यासकट.

त्या घराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे नवी वस्तू नवी राहत असे. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट बिघडेपर्यंत टिकलं. सोफ्याचं वेष्टण कधी निघालंच नाही. पाहुणा बसला की चर्र वाजे आणि उन्हाळ्यात उठला की सोलल्यासारखा उठे. फ्रिजच्या मुठीला वेगळं झबलं होतं. “काढलं की धूळ बसते,” हे बाईंचं तत्त्वज्ञान. कानसेनने लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला विरोध केला होता, पुढे नाही.

कारखान्यात मात्र त्याने काम चोख केलं. गॅसचा रेग्युलेटर इमारतीबाहेर, जाळीच्या भिंतींच्या शेडमध्ये होता. गॅसची मुख्य झडप बंद करून त्याने तिला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पाइपात अडकलेला दाब छपरावरच्या नळीने बाहेर सोडला, नायट्रोजन फिरवून उरलासुरला गॅस हाकलला, आणि मगच जुन्या रेग्युलेटरला पाना लावला. नवा बसवताना अंगावरचा बाण भट्टीच्या दिशेला आहे ना, हे दोनदा पाहिलं. रेग्युलेटरच्या अलीकडचा फिल्टर धुतला. शेवटी प्रत्येक सांध्याला कान लावला आणि मग साबणाचं पाणीही लावलं.

“कानाने भागतं ना तुमचं?” भट्टीवाल्याने डिवचलं.

“कान हे वैभव,” कानसेन म्हणाला. “साबण हा पुरावा.”

रेग्युलेटरच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या बाजूने, खाली तोंड केलेलं एक छोटं भोक होतं. प्रवासात कचरा जाऊ नये म्हणून रेग्युलेटर बनवणाऱ्या कंपनीने त्यावर लाल प्लास्टिकची टोपी बसवली होती. कानसेनने ती काढून शेडच्या कठड्यावर ठेवली.

“हे याचं नाक. आत रबराचा पडदा असतो. गॅसचा दाब बदलला की पडदा वर-खाली होतो, आणि पडद्यावरची हवा इथून आत-बाहेर करते. पाणी जाऊ नये म्हणून तोंड खाली, किडा जाऊ नये म्हणून जाळी. पण बंद? कधीच नाही. तुमचं नाक दाबून तुम्हाला कुणी जिना चढायला सांगितलं तर?”

“घरी रोज चढतो,” भट्टीवाला म्हणाला.

तपासणीच्या दिवशी अधिकारी साहेबांनी फाटकातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. मालकांचा तर बोलणं चालू असताना घेतला. मग भट्टीवाल्याने आत भट्टी पेटवली; साहेब, मालक आणि कानसेन शेडमध्ये काट्यापाशी उभे राहून जाळीतून ज्योत पाहत होते. मंद आचेवर ज्योत शहाण्या मुलीसारखी निळी आणि सरळ.

“मोठी करा,” साहेब म्हणाले.

ज्योत उठली आणि लगेच मलूल झाली. दाबाचा काटा हळूहळू खाली बसत गेला.

“आता एकदम कमी करा.”

काटा आता वर निघाला आणि थांबायचं नाव घेईना. मग ‘ठक्’ असा आवाज झाला. दाब फाजील वाढला की गॅस आपोआप तोडणारी सुरक्षा झडप पडली होती. भट्टी विझली. मालकांनी “संस्कृती…” एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं.

“भाऊजी, स्प्रिंग?” साहेबांनी विचारलं.

“बरोबर आहे.”

“बाण?”

“समोर दिसतोय.”

“फिल्टर साफ केला होता?”

“साहेब, न्हाऊ घातला होता.”

कानसेनने रेग्युलेटरच्या अंगाला कान लावला. बराच वेळ लावला.

“काय ऐकू येतंय?” मालकांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“हे चांगलं की वाईट?”

“वाईट. काहीतरी ऐकू यायला हवं.”

नाकाचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण नाक त्याने स्वतःच्या हाताने उघडलं होतं, आणि स्वतःच्या हातावर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती. साहेबांनी खिशातून पेन काढलं. कानसेनला डोळ्यांपुढे पॅकिंगचं स्टूल दिसू लागलं आणि स्टुलामागे उभी सावली.

सावली शेडच्या दारातूनच आत आली. “काय रे बाळ्या, आटपलं नाही अजून?”

“ताई, मी ड्यूटीवर आहे. साहेब म्हण.”

“बरं, साहेब बाळ्या. नापास करायला काही कारण उरू नये म्हणून मी काल ही शेड लख्ख पुसून काढली. केवढी धूळ! कठड्यावर लाल टोपी नुसती लोळत होती. कोरी करकरीत! मागच्या भोकाला बरोब्बर बसली, घट्ट लावून टाकली. नाहीतर आत धूळ गेली असती.”

तिघे पुरुष एकाच वेळी खाली वाकले.

“यांना सांगून काही उपयोग नसतो,” बाई भावाला म्हणाल्या. “ती नकोय का? थांबा, काढते.”

“हात लावू नका!” हे तिघांनी मिळून म्हटलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ते ऐकू गेलं आणि त्याने चहाचा कप खाली ठेवला.

कानसेनने आधी झडप बंद केली, दाब बाहेर सोडला, काटा शून्यावर आलेला पाहिला, आणि मग टोपी उपटली. रेग्युलेटरने ‘फुस्स’ असा दीर्घ निःश्वास टाकला. कानसेनचा चेहरा उजळला. आयुष्यात एवढा सुरेल आवाज त्याने ऐकला नव्हता. सुरक्षा झडप पुन्हा हाताने उचलून बसवली, गॅस हळूहळू सोडला. ज्योत मोठी केली, लहान केली, सगळे बर्नर बंद केले. काटा जागचा फारसा हलला नाही. साहेबांनी दोन वेळा तपासलं, कारण भाऊजी होते, आणि पास केलं. अट एकच: शेडला कुलूप, आणि ती टोपी आवारात दिसता कामा नये.

“फेकायची कशाला? नवी आहे,” म्हणून बाईंनी ती पर्समध्ये टाकली.

मालक विचारात पडले होते. “एवढ्या जाणकारांना जो दोष सापडेना,” ते शेवटी म्हणाले, “तो बाईंनी दारातून आत येता येता सांगितला!” दोष आला कुठून, हे सांगायला, तोवर शेडपाशी आलेल्या भट्टीवाल्याने तोंड उघडलं, पण मालकांचा उजवा पाय एका रिकाम्या खोक्याकडे वळलेला पाहून त्याने ते मिटलं.

दिलेला शब्द मालकांनी पाळला. देखभाल विभाग कानसेनकडेच राहिला. पहिल्या तारखेपासून त्याला एक विभागप्रमुख नेमण्यात आला. त्या जागेवर सध्या बाई आहेत. त्यांच्या नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.