साहेब येईपर्यंत दार उघडं

मार्चच्या उन्हात स्वेटर आणि कानटोपी घालून हिंडणारी सून अख्ख्या गावात एकच होती, आणि ती गोटीराम आप्पांची. लोक हसायचे. हसू देत मेले! छायाचा दिवस द्राक्षांच्या थंडीघरात जायचा, आणि तिथून बाहेर आल्यावर चहाची कपबशी धरायलाही बोटं वळायची नाहीत.

चांदवडच्या हायवेपासून आत असलेल्या या गावाची द्राक्षं कित्येक वर्षं परदेशी जात होती, पण मुंबईच्या व्यापाऱ्याच्या खोक्यात आणि त्याच्याच नावानं. बाळंतपण आपण करायचं आणि बारसं त्यानं! आप्पांच्या जिव्हारी लागायचं ते. म्हणून त्यांनी बागाईतदारांची सोसायटी काढली, चेअरमन झाले, थंडीघर उभं केलं. ते चालवायचं शिक्षण घ्यायला पुण्याला जायचं होतं, तर गावातला एक बाप्या तयार होईना. तेव्हा आप्पांनी स्वतःच्या सुनेला धाडलं. नवसाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, भांडी आदळली. "सुनेला आता बर्फ विकायला बसवता का?" आप्पा बधले नाहीत. आप्पांची ही हिंमत तेवढी ध्यानात ठेवा, कारण पुढं ती कुठं दिसायची नाही.

दोन हजार तीनच्या हंगामात पहिला कंटेनर ठरला. हॉलंडला, गावाच्या नावानं. सोसायटीत देवराम म्हणून एक खोडीचा मेंबर. त्यानं सगळ्यांसमोर वदवून घेतलं की हा माल धड पोचला तर थंडीघर गावाचं आणि छायाच्या हाताखाली. नाही पोचला तर व्यापाऱ्याला भाड्यानं देऊन मोकळं व्हायचं. आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मंजूर. माझी सून हाय ती."

आणि मग आप्पांना कार्यक्रमाची हौस आली. पहिला कंटेनर काय असाच पाठवायचा? आमदार साहेब हवेत, रिबीन हवी, पेपरात फोटो हवा. साहेबांच्या मंडळींसाठी येवल्याहून पैठणी आली. थंडीघरासमोर मांडव पडला. लताबाईच्या टोळीतल्या बायांनी गार झालेली खोकी भराभर कंटेनरमध्ये रचली, आणि माल भरून होताच ड्रायव्हरनं गाडी मांडवापुढं घेतली. दोन्ही दारं सताड उघडी, त्यावर झेंडूचं तोरण, आडवी लाल रिबीन. आतला माल फोटोत दिसला पाहिजे ना!

साहेबांचा फोन आला. नांदगावला लग्नात आहेत, निघालेच. निघालेच म्हणजे अजून पंगत उठायची असते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ऊन डोक्यावर आलं. छाया स्वेटरमध्येच मांडवात आली.

"आप्पा, दारं लावून घेते. साहेब आले की उघडू."

"आगं, रिबीन बांधलीय. आन् गाडीचं थंडीचं मशीन चालूच हाय की. लग्नात कूलर लावतो, तवा मांडवाला दारं लावतो का आपण?"

मांडवात हशा पिकला. छाया हसली नाही. "कूलर नाय हे, आप्पा. हे मशीन गार माल गार ठेवतं, तापलेला माल गार करत नाय. बाहेरचं वारं आत शिरतंय, मण्यांना घाम फुटंल. बुरशी लागू नये म्हणून खोक्यात घातलेला गंधकाचा कागद ओला झाला की त्याचा सगळा दम एकदम सुटतो. मणी जळून पांढरे पडतील, मग बुरशी."

"आता सूनबाई साहेबांनाबी शिकवनार वाटतं!" देवराम पाठीमागून म्हणाला.

आप्पांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. चार दिवसांपूर्वीच छायानं गार घड बाहेर आणून त्यांच्या हातावर ठेवला होता, आणि बघता बघता त्यांचा तळवा ओला झाला होता. पोरीचं खरं आहे, हे त्यांना मांडवात उभं राहूनही ठाऊक होतं. पण गावासमोर सुनेचं ऐकायचं? साहेबांसाठी बांधलेली रिबीन साहेबांच्या आधी सोडायची? देवरामनं जन्मभर ऐकवलं असतं.

"छाया," ते म्हणाले, "जा, पाव्हण्यांच्या चहाचं बघ."

एवढंच बोलले. पण ज्या जागेत तिच्या शब्दावाचून खोकं हलत नव्हतं, तिथून त्यांनी तिला चुलीकडं हाकललं. छायानं कानटोपी काढली आणि ती चहा करायला गेली.

साहेब आले तेव्हा उन्हं कलली होती. रिबीन कापली, नारळ फुटला, शेतकरी आता जगाच्या बाजारात उभा आहे असं भाषण झालं, टाळ्या झाल्या. गर्दी पांगल्यावर दारं लावायला छायाच पुढं आली. तिनं सगळ्यात वरच्या खोक्याच्या भोकातून बोटं आत घातली आणि बाहेर काढून आप्पांना दाखवली. ओली होती. आप्पांनी तोंड फिरवलं आणि ड्रायव्हरला ओरडले, "चल रे, बोट चुकंल!"

बोट चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं. हॉलंडहून फोटो आले ते बघवत नव्हते. उकडल्यासारखे फिके मणी, देठांवर करडा कापूस. तिकडच्यांनी सगळा माल कचऱ्यात लोटला. ज्या खोक्यांवर पहिल्यांदा गावाचं नाव छापलं होतं, ती खोकी फोटोत उकिरड्यावर पडली होती. आप्पा ते फोटो घेऊन बागेत गेले आणि एकटेच रडले. खोटं कशाला बोला, रडले ते खरंच.

पण बागेत रडणं सोपं असतं. सोसायटीची बैठक बसली तेव्हा खरी परीक्षा होती. देवरामनं तोंड उघडलं, "बाईच्या हातात थंडीघर दिल्यावर दुसरं काय व्हनार?" मागं लताबाई उठली, "आप्पा, त्या दिवशी दार..." तिला चारजणांनी खाली बसवलं. मेंबरांमध्ये निम्मे त्या मांडवात बसलेले, पेढे खाल्लेले. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे आप्पांकडं बघत होते. आप्पांनी एक वाक्य बोलायचं होतं. दार मी उघडं ठेवलं. बस्स. छाया मागं बायांत बसून त्या वाक्याची वाट बघत होती. तिचा नवरा समाधान बापापुढं कधी बोलला नव्हता, तो सतरंजीचे दोरे उपटत बसला.

आप्पा खाकरले. "पोर नवी हाय," ते म्हणाले. "भरताना काय तरी चुकलं आसंल तिचं. मोठ्या मनानं घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि वर मोठ्या मनानं घ्या! छाया उठली, थंडीघराची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन भाकरी थापायला बसली. ती आप्पांशी भांडली नाही. नवसाबाई मात्र, त्याच ज्यांनी भांडी आदळली होती, त्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "पोर पुण्याला पाठवायची नव्हती तर नव्हती. पाठवून असं करायला नको होतं."

पुढच्या हंगामात थंडीघर व्यापाऱ्याकडं गेलं. त्याचा मॅनेजर आला, उपेंद्र नावाचा, शर्ट खोचलेला. मांडव पुन्हा पडला, साहेबांना पुन्हा आमंत्रण गेलं आणि साहेब पुन्हा निघालेच होते. माल भरून होताच उपेंद्रनं घड्याळाकडंसुद्धा बघितलं नाही. "दारं लावा. साहेब बंद गाडीला नारळ फोडतील."

कोणी हसलं नाही. देवराम म्हणाला, "बराबर हाय." आणि आप्पा, चेअरमन गोटीराम आप्पा, स्वतः उठले, आपल्या हातानं रिबीन सोडली आणि म्हणाले, "साहेबांचं काय, माल आधी." साहेब आले, बंद गाडीला नारळ फोडला, हसत फोटो काढला. कोणाचं काही बिघडलं नाही.

आप्पा घरी आले. छाया ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं उठून तांब्या आणून दिला. वर्षभरात तिनं थंडीघराचं नाव काढलं नव्हतं. आज मात्र तिनं विचारलं, "दारं कधी लावली, आप्पा?"

"भरल्या भरल्या," आप्पा बोलून गेले. "उपेंद्र म्हनला लावा, म्हनून लावली."

"त्याचं ऐकलं तुम्ही," छाया म्हणाली आणि परत मेथी निवडायला बसली.

आप्पांनी तांब्या तोंडाला लावला. मग तो तसाच खाली ठेवला आणि ते बागेकडं निघाले.