मिठाची बरणी आणि महंमदभाईंचा हात

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. कडेला टवका, पोटात वर्षानुवर्षं मीठ आणि डोक्यावर साऱ्या घराचा दोष. राहायला निमगाव केतकीला, महंमद शिंप्यांच्या स्वयंपाकघरात.

सितारावहिनींनी मला इंदापुरातून आणलं, तेव्हा माझं केवढं कौतुक झालं. भाईंचं तर माझ्यावाचून पानच हलेना. मित्रांनो, हा माणूस कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. पण ताट पुढं आलं, की घास तोंडात जाण्याआधी हात माझ्यात. कालवण खारट की अळणी, चौकशीच नाही.

मग एके दिवशी दुकानात भाईंना चक्कर आली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "प्रेशर फार आहे. गोळी चुकवू नका, मीठ कमी करा. लकवा मारला तर हा हात कात्री धरणार नाही." घरी आल्यावर भाई बराच वेळ त्या हाताकडं बघत बसले.

शिक्षा मात्र मला झाली. माझी रवानगी वरच्या फळीवर. तिथून बघते तर ताटात लोणचं, पापड आणि मिरचीचा खर्डा.

"अवो, ह्यात मीठ हाय," वहिनी म्हणाल्या.

"मीठ कुठं हाय? मिरची हाय ती."

मी कपाळावर हात मारला असता. पण मला कपाळ नाही, झाकण आहे.

प्रेशर जागचं हललं नाही. तेव्हा वहिनींनी लोणचं-पापड बंद केलं. खर्ड्यात मीठ नखभर टाकून वर लिंबू पिळलं. जवस, तीळ, लसूण भाजून आमचूर घालून बिनमिठाची चटणी कुटली, माझ्यातलं मीठ काढून ती माझ्या पोटात भरली आणि मला ताटाशेजारी जुन्या जागी मांडलं.

सवयीनं हात आला. चिमूट कालवणावर पडली.

"आता कशी चव आली," भाई म्हणाले.

"जवस हाय ते."

"डोळं हायत मला. ऱ्हाऊ दे हितंच."

म्हणजे ओढ मिठाची नव्हतीच, माझ्यात हात घालायची होती. आणि फळीवरची शिक्षा भोगली मी.

आता प्रेशर उतरतंय. गोळी चालू आहे, कात्रीही चालू आहे. परवा शेजारचे भीमाआबा जेवायला आले आणि बसताक्षणी त्यांनी माझ्यात हात घातला.

"आबा, आधी चाखा की," भाईंनी दटावलं. दटावताना स्वतःचा हात माझ्या तोंडाशी आणलेलाच होता.

मित्रांनो, आधी चाखत जा. आरोग्याचं तुमचं तुम्ही बघा. पण माझं तोंड लहान आहे, एका वेळी एकच हात मावतो.