भिंगरीचा मासा

सुट्टीत सगळी भावंडं पोराबाळांसह आमच्याकडे जमली, की बाबा साच्यातले केक करतात. बाबांचा जन्म बेकरीत गेला. आता निवृत्त झालेत, पण हात गप्प बसत नाहीत. प्रत्येक नातवंडाचा साचा ठरलेला: कुणाचा ससा, कुणाचं जहाज, कुणाची चांदणी. फक्त दादाच्या मुलीचा साचा नव्हता.

ही भिंगरी. एका जागी बसली तर शपथ, म्हणून भिंगरी. बदाम, काजू, अक्रोड, शेंगदाणे, यांतलं काही तिला चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट दुखतं असं नव्हे, श्वास कोंडतो. हे आम्हाला कळलं ते बाबांमुळेच. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा त्यांनी लाडानं बोटाला लागलेलं बदामाचं सारण तिला चाटवलं. ओठ सुजले, आवाज बसला आणि दादा तिला उचलून दवाखान्याकडे धावत सुटला. पोर वाचली. बाबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं असावं.

तेव्हापासून वहिनी आमच्या घरात डोळ्यांत तेल घालून वावरते. भिंगरीचा डबा वेगळा, ताट वेगळं, चमचा वेगळा, आणि श्वास कोंडलाच तर लगेच द्यायच्या इंजेक्शनची निळी पिशवी सतत वहिनीच्या खांद्याला. आंघोळीला जाताना पोरगी दादाच्या ताब्यात देईल, पण बाबांपाशी एकटी कधीच ठेवणार नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. माझा बाप काय विषाची बाटली आहे का, असं मी दादाला तोंडावर विचारलंय.

केक वाटताना पोरीला काहीतरी काम असावं म्हणून वहिनीनं तिला परीक्षक केलं होतं. भिंगरी हात मागे बांधून ओट्यापासून लांब उभी राहायची आणि एकेक केक बघून निकाल द्यायची. "ससा पास. जहाजाचं नाक मोडलंय, पण पास." सगळे हसायचे. मग ती एका कोपऱ्यात जाऊन आपला डबा उघडायची. मला तिकडे बघवायचं नाही.

या सुट्टीत बाबांनी विषय काढला. सरळ बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तुझं पीठ, तुझी भांडी, तुझ्या डोळ्यांदेखत. मग चालेल?"

"काय चालेल, बाबा?"

त्यांनी कागदात गुंडाळलेला कोरा साचा टेबलावर ठेवला. मासा होता, अंगावर खवले आणि हसरं तोंड. भिंगरी किंचाळली, "माझा?" वहिनीनं साचा उचलून उलटसुलट करून पाहिला. "चालेल," ती म्हणाली, "पण ओटा मी धुणार."

ओटा तिनं असा घासला की आईच्या काळातले डागही निघाले. बाकीच्या पोरांना दादा अंगणात घेऊन गेला. बाबांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, जणू ऑपरेशनलाच निघालेत. पीठ वहिनीच्या पिशवीतलं, लोणी तिनं आणलेलं, पातेलं तिचं. ओव्हन आतून पुसायलाही ती विसरली नाही. ती ओव्हनमध्ये डोकं घालून जाळी लावत होती तेव्हा बाबा साच्याला लोणी लावत होते. मी शेजारीच उभी होते.

केक छान फुगला. साच्यातून सुटला तो अख्खा, एकेक खवला उठून दिसत होता. भिंगरी हात मागे बांधून उभी राहिली, तिनं नीट पाहिला आणि ओरडली, "पास! पास! आता खाऊ?"

वहिनीनं मानेनंच हो म्हटलं. बाबांचे डोळे भरले होते. ते पुसायला त्यांनी खिशातला रुमाल काढायला हात घातला आणि हात तिथेच राहिला. सदऱ्याच्या खिशावर लोण्याचा ओला डाग पडला होता.

त्या खिशात त्यांचा ब्रश असतो. बेकरीतला, लाकडी दांड्याचा, अंगठ्याच्या जागी झिजलेला. लोणी लावायची वेळ आली तेव्हा हात आपसूक खिशात गेला होता आणि काम झाल्यावर ब्रश परत खिशात. मीही पाहिला असणार, पण तो ब्रश मला लहानपणापासून बाबांच्या बोटांसारखाच वाटतो. बोटांकडे कोण लक्ष देतं?

भिंगरीचा हात ताटलीपाशी पोचला होता. बाबांनी ताटली ओढली आणि मासा कचऱ्याच्या डब्यात उलटा केला.

"साच्याला मी माझा ब्रश लावला, सूनबाई," ते म्हणाले. "जन्मभर बदामाचं सारण लावलंय त्यानं."

वहिनीनं पोरीला उचललं, तिची बोटं, ओठ तपासले, नळाखाली हात धुतले. आता ती बाबांना फाडून खाणार, असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या बाजूनं बोलावंसं वाटलं. पण तिनं पोरीचे हात पुसले आणि तिला खाली ठेवलं. बाबांनी ब्रशही डब्यात टाकला आणि खाली फरशीवरच बसले.

भिंगरी त्यांच्यापाशी गेली. "रडू नका ना, आजोबा. मला बघायला मिळाला की. मला बघायची सवय आहे."

मलाही हुंदका आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दादाबरोबर बाजारात जायला निघाली. बाबांच्या खुर्चीसमोर येऊन तिनं खांद्यावरची निळी पिशवी काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि इंजेक्शन कसं धरायचं, मांडीत कुठे दाबायचं, ते त्यांच्याकडून सरावासाठीच्या बिनसुईच्या इंजेक्शन-पेनावर पुन्हा पुन्हा करवून घेतलं.

"आम्ही दोघं जाऊन येतो," ती म्हणाली. "भिंगरी तुमच्यापाशी आहे."

मी पटकन म्हणाले, "मी आहे ना घरात!"

"तुम्ही आहातच हो, ताई. पण मी बाबांना सांगून चाललेय."

ते दोघं गेल्यावर बाबा पिशवी दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. पाणी हवं का विचारलं तर नको म्हणाले. थोड्या वेळानं भिंगरी आपला डबा घेऊन आली. "आजोबा, खाऊ का?"

"थांब. आधी बघू दे."

बाबा उठले, पिशवी गळ्यात अडकवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. भिंगरीनं डब्यातलं बिस्किट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाकून, चष्मा सावरत, खूप वेळ पाहिलं.

"पास," ते म्हणाले. "खा, बाळा."