लाटाचा मालक

दुसऱ्याचं कुत्रं फिरवण्यात कमीपणा कसला, असं भागोजी म्हणायचा. दुसऱ्याची पोरं शिकवणाऱ्याला मास्तर म्हणून रामराम घालता ना, मग? मुंबईला एका गोऱ्या साहेबाची कुत्री त्यानं बारा वर्षं सांभाळली होती. साहेब विलायतेला गेला, भागोजी रत्नागिरीला परतला, आणि आळीतल्या तीन घरच्या कुत्र्यांची राखण आपसूक त्याच्याकडे आली. उजाडलं की डॉक्टरांचा डॅश, पेन्शनर मामलेदारांची राणी आणि लिमये वकिलांचा लाट अशी वरात साखळ्यांना धरून तो मांडवीच्या वाळूवर निघे. परत आल्यावर गोचिडी काढायच्या, करंजेल चोळायचं, कान पुसायचे. वकिलांच्या घरी लाटाला दूधभात मिळे. तो भागोजीच्या पडवीत बांगड्याची मुंडकी खाऊन घेई आणि सोवळं तोंड करून घरी जाई.

लाट म्हणजे लाटसाहेब, गव्हर्नर; हे नाव दाजीसाहेब लिमये वकिलांनी मुद्दाम ठेवलं होतं. चारचौघांत "लाट, खाली बस!" असं ओरडायला मिळावं, एवढ्यासाठी. दाजीसाहेब खादी वापरत. मिठाच्या सत्याग्रहात आळीतले तिघे तुरुंगात जाऊन आले. दाजीसाहेबांना नेमका तेव्हाच दमा उपटला. ती सत्याग्रहाची हौस पुढल्या वर्षी भागली. म्युनिसिपालटीनं हुकूम काढला की प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पट्टी भरून काढलेला पितळी बिल्ला हवा. नसला तर कुत्रं कोंडवाड्यात, आणि मालक पुढे आला नाही तर विष. डॉक्टरांनी बिल्ला आणला, मामलेदारांनी आणला. दाजीसाहेब ओटीवरून गरजले, "सरकारचा बिल्ला माझ्या कुत्र्याच्या गळ्यात? प्राण गेला तरी नाही!"

आता म्युनिसिपालटी म्हणजे काही विलायत नव्हे. तिथं त्यांचा सख्खा मेहुणा बसत होता. आणि प्राण नेमका कुणाचा जाणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"साहेब, मुक्या जनावराच्या जिवाशी कशाला खेळताव?" भागोजीनं विचारलं.

"तुला नाही कळायचं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व दाजीसाहेबांचं आणि साखळी भागोजीच्या हातात! त्या दिवसापासून तो चोरासारखा परसदारच्या दगडी गडग्यांआडून जाऊ लागला. लाटाच्या गळ्याभोवती आपला पंचा गुंडाळू लागला. कुणी विचारलं तर म्हणे, सर्दी झालीय त्याला. कुत्र्याला सर्दी! लोक हसत, आणि भागोजीच्या अंगाचा तिळपापड होई. जन्मात कधी तोंड लपवलं नव्हतं, ते म्हातारपणी दुसऱ्याच्या हट्टापायी लपवायची वेळ आली होती.

शेवटी म्युनिसिपालटीचा मुकादम रावजी यानं मांडवीवर गाठलंच. त्यानं पंचा ओढला, रिकामा गळा बघितला, आणि लाटाला ओढत कोंडवाड्यात नेऊन बांधलं. भागोजीला कोर्टाचं बोलावणं आलं.

भागोजी धावत वकिलांकडे गेला. "साहेब, तुमी येऊन एवढंच सांगा की कुत्रा तुमचा हाय. म्हणजे त्याचा जीव वाचंल."

"येतो तर! कोर्ट दणाणून सोडतो बघ," दाजीसाहेब म्हणाले.

कोर्टाच्या दिवशी दाजीसाहेब आले नाहीत. त्यांचा कारकून आला. त्यानं आणलेली चिठ्ठी मॅजिस्ट्रेटनी मोठ्यानं वाचली: "सदर कुत्र्याशी माझा संबंध नाही. नियमाप्रमाणे ज्याच्या ताब्यात कुत्रे सापडेल तोच त्याचा मालक समजावा."

भागोजीला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग कानशिलं तापली. दाजीसाहेबांचं तत्त्व कोर्टाच्या पायरीपर्यंतही चालत आलं नव्हतं.

"कुत्रा तुझा आहे का?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं. "तुझा नसेल तर तू सुटलास. कुत्रा बेवारशी धरून त्याचा निकाल लावला जाईल."

नाही म्हटलं असतं तर भागोजी सरळ घरी जाऊन पेज जेवला असता. निकाल म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. विष घातलेली कुत्री त्यानं नाल्यात पाय झाडताना बघितली होती.

"माझा हाय," तो म्हणाला. "नीट लिवून घ्या. भागोजी केरू, ह्यो मालक."

दंड, नाहीतर चार दिवस कैद. दंड झेपणारा नव्हता. भागोजी तुरुंगात गेला. तिकडे त्याच्या बायकोनं, चिमानं, गळ्यातली सोन्याची पुतळी मोडली, दंडाला ते पैसे पुरेनात म्हणून निदान नवऱ्याच्या नावानं बिल्ला काढला आणि लाटाला कोंडवाड्यातून पडवीत आणून बांधलं.

पाचव्या दिवशी तो सुटून आला, तर चिमा दारातच कडाडली. "काल देवळाम्होरं सभा झाली. वकील म्हणाले, आमच्या कुत्रेपट्टी सत्याग्रहाचा पहिला कैदी आमच्याच आळीचा! टाळ्या पडल्या. हार त्यांच्या गळ्यात पडला."

भागोजी लाटाजवळ जाऊन बसला आणि त्याच्या गोचिडी काढू लागला.

तासाभरात दाजीसाहेब स्वतः आले, मागे आळीतली चार माणसं घेऊन. "शाबास भागोजी! नाव काढलंस. आण, आता लाटाला घेऊन जातो."

मालकाला बघताच लाट उड्या मारू लागला. साखळीला हिसके देत कुंई कुंई करू लागला. भागोजीला ते फार लागलं. पण जनावर ते, त्याला चिठ्ठी थोडीच वाचता येते!

"बघ, कुत्र्यालाच विचार तो कुणाचा ते," दाजीसाहेब हसले.

"इख घालायची पाळी आली तवा त्याला कुणी इचारलं नाय, ते आता इचारताव?" भागोजीचा आवाज चढला. "कुत्रा माझा हाय. म्युनिसिपालटीच्या वहीत माझं नाव हाय. तुमचा असंल तर चला कोर्टात, आत्ताच्या आत्ता. ती चिठ्ठी मी खोटी लिवली व्हती, एवढं साहेबाम्होरं बोला, आणि कुत्रा घेऊन जा. मी आडवा येणार नाय."

बरोबरची चार माणसं दाजीसाहेबांच्या तोंडाकडे बघू लागली. कसली चिठ्ठी, असं एकानं विचारलंसुद्धा. दाजीसाहेबांनी घसा खाकरला, छत्री उघडली आणि वाट धरली.

लाट त्यांच्यामागे ओरडत राहिला. भागोजीनं साखळी मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली.