एकोणचाळीस बागांचं अस्तर

मी एक शापान बोलतोय. शापानाचं जे काही उरलंय ते, म्हणा हवं तर: हातभर लांब, चार बोटं रुंद अशी अस्तराची एक पट्टी. सध्या माझा मुक्काम एका मोटारीच्या खणात आहे. शेजारी काळा चष्मा, संपलेला लायटर आणि पेपरमिंटच्या गोळ्या. सोबत वाईट नाही. पण मी इथे पडून राहायला जन्मलो नव्हतो, आणि म्हणूनच आज थोडं तावातावाने बोलणार आहे. मनावर घेऊ नका. किंवा घ्याच.

आल्माटीच्या बाजारात रायखानचा गाळा आहे, तिथे माझा जन्म. आमच्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे त्याच्या खांद्यांवर शापान चढवायचा: मखमलीचा, सोनेरी वेलबुट्टीचा, घोट्यापर्यंत लोळणारा झगा. लग्न असो, साठी असो, नाहीतर नव्या पुलाचं उद्घाटन असो, शापान पाहिजेच. त्यामुळे रायखानचं दुकान बारमाही चालतं. ती शाळेत फार गेली नाही, पण गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघून त्याच्या खिशाचा अंदाज घेते. आणि गिऱ्हाइकाला ती पहिला प्रश्न एकच विचारते.

"द्यायचाय की घालायचाय?"

द्यायचा असेल तर ती बाहेरची बाजू दाखवते. आत पातळ नायलॉनचं अस्तर, काठाला शिवणीऐवजी डिंक. तिचं म्हणणं असं, की देणारा बाहेरून बघतो, घेणारा कपाटात ठेवतो, मग आत डोकावतंय कोण? शापान फिरत राहतात. याने त्याला द्यायचा, त्याने तिसऱ्याला. एकदा वसंतात तिने विकलेला शापान शरदात तिच्याच दिराला भेट म्हणून आला. तिने आपला टाका ओळखला, दिराचं अभिनंदन केलं आणि गप्प बसली. धंद्यात एवढं जमलं पाहिजे.

"घालायचाय" असं सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. माझ्या नशिबाने ते मार्चमध्ये आलं.

त्या बातिमा अपाय. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना अपाय म्हणतात आणि सरांना अगाय. चाळीस वर्षं कृषी विद्यापीठात झाडांचे रोग शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पायात जुने नमद्याचे बूट, पिशवीत भिंग. विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांना दर वर्षी बक्षीस दिलं जातं, त्याच्या त्या परीक्षक होत्या. बक्षीस म्हणजे एक कागद आणि टाळ्या. यंदा त्यांनी ठरवलं होतं, की पहिल्या नंबराला शापान द्यायचा, स्वतःतर्फे.

"मोठ्या माणसाला का?" रायखानने विचारलं.

"नाही गं, एका पोरीला. अंगावर मांस नाही तिच्या, नुसता हट्ट आहे. त्या मापाचा शिव. आणि अस्तर सुती लाव, ती घालून हिंडणार आहे."

मग बाईंनी चिठ्ठी काढली. त्यातले शब्द अस्तरावर, मानेच्या खाली, निळ्या दोऱ्याने भरायचे होते. रायखानने ते तीन दिवस बसून भरले: *एकोणचाळीस बागा पायी फिरलेल्या पोरीला.* दाताने दोरा तोडताना ती मला म्हणाली, "तुझं नशीब चांगलं आहे रे. तुझ्या आत काहीतरी आहे."

पोरीचं नाव मोल्दीर. तिने दोन वर्षं सफरचंदाच्या करप्याचा माग काढला होता. हा करपा जिवाणूंचा. कोवळी डहाळी आगीत धरल्यासारखी काळी पडते, शेंडा आकड्यासारखा खाली वळतो, सालीवर मधासारखा चिकट थेंब येतो. सगळे म्हणत होते, हा मधमाश्यांनी आणला, वाऱ्याने आणला, शेजाऱ्याच्या बागेतून आला. मोल्दीर मात्र पायी फिरली, झाडन् झाड मोजलं आणि कुठल्या बागेत कोण कधी आलं याची नोंद ठेवली. निघालं भलतंच. फुलोऱ्यानंतर काळ्या डहाळ्या कापायला बागाईतदार संघाच्या टोळ्या येत. त्या ज्या रस्त्याने गेल्या, त्याच रस्त्याने करपा गेला होता. एका झाडावर रोगट फांदी कापायची आणि तीच करवत दुसऱ्या झाडाला लावायची. रोग कापायला आलेलेच रोग पेरून जात होते.

यात तिचा जीव का अडकला होता, तेही सांगतो. तिच्या आजोबांची, तुरार आजोबांची, तालगारच्या वर डोंगराच्या पायथ्याशी आपोर्ट सफरचंदाची चाळीस झाडं होती, त्यांच्या वडिलांनी लावलेली. करपा खालच्या खोऱ्यापर्यंत आला होता. येत्या उन्हाळ्यात टोळी वर चढणार होती. त्याआधी टोळीवाल्यांनी करवती पुसायला शिकणं एवढंच तिला हवं होतं. आणि त्या टोळ्या ज्यांच्या हाताखाली होत्या, ते संघाचे अध्यक्ष ओराझबाय बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून येणार होते. मोल्दीरने तो दिवस मोजून ठेवला होता. शापान मिळणार हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचं लक्ष होतं ते बोलायला मिळणाऱ्या दहा मिनिटांवर.

एप्रिलमधला समारंभ. मी घडी घालून टेबलावर. पाहुण्यांचं स्वागत झालं, मग पाहुण्यांनी केलेल्या स्वागताचं स्वागत झालं. तीन ज्येष्ठांनी आशीर्वाद दिले. एकाने तर आपल्या पहिल्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली, ती मला आवडली, पण वेळ गेला तो गेला. मोल्दीर उभी राहिली तेव्हा डीनसाहेबांनी घड्याळावर बोट ठेवलं. दहाची दोन मिनिटं झाली.

पोरगी हुशार. बावीस पानं बाजूला ठेवून ती म्हणाली, "एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना करवत स्पिरिटमध्ये बुडवा आणि पुसा. एवढंच करा."

पहिल्या रांगेतून ओराझबाय मोठ्याने म्हणाले, "कारागिम, लेकी, आमच्या टोळीच्या हातात स्पिरिट दिलं तर ते करवतीपर्यंत पोचेल का?"

सभागृह हसलं. माणूस दिलदार, विनोदही बरा. पण त्या हसण्यात तिची दोन मिनिटंही संपली.

आणि मग माझी पाळी. डीनसाहेबांनी मला उचललं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की पाहुण्यांसाठी मागवलेला शापान आलाच नाही. ड्रायव्हर तो दुसऱ्याच कार्यक्रमाला देऊन आला होता. आता आमच्याकडे असं आहे: पांढऱ्या केसांचा पाहुणा मोकळ्या खांद्यांनी परत गेला तर संस्थेची चार गावांत बोलणी होतात. त्या मानाने पोरगी काय, घरचीच. डीनसाहेब क्षणभर घामाघूम झाले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तोडगा उमटला. ते ध्वनिक्षेपकात म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांचे संस्कार बघा. पहिल्या नंबराची मोल्दीर आपल्या हातांनी ओरेकेंना हा शापान चढवील." ओरेके म्हणजे ओराझबायच, मानाने घेतलेलं नाव.

बातिमा अपाय खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पण टाळ्या पडल्याही होत्या.

मोल्दीरने मला हातात घेतलं. तिच्या मापाचा मी, तिच्याच हातात, आणि चढायचं दुसऱ्याच्या अंगावर. ती टाचा उंचावून उभी राहिली. ओराझबायांचे खांदे घोड्यासारखे रुंद. दुसरी बाही चढवताना माझी उजवी बगल फाटली. आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि न ऐकल्यासारखं केलं. तिला कागद मिळाला. निबंध विभागाच्या लोखंडी कपाटात गेला. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारं माणूस त्या सभागृहात एकच होतं, त्याच माणसाने मला शिवून घेतलं होतं.

मला राग कशाचा आला, सांगू? चोरी झाली असती तर चोराला शिव्या घातल्या असत्या. इथे कुणीच चोर नव्हता. सगळे सभ्य होते. सभ्यपणाने त्यांनी ज्याची करवत रोग पसरवत होती त्याचा सत्कार केला, तोही जिने ते शोधून काढलं तिच्या हातून.

ओराझबायांच्या घरी मी कपाटात गेलो. तिथे माझ्यासारखे साठ. त्यांची बायको प्रत्येकाला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचते, म्हणजे ज्याने दिला त्यालाच तो परत जात नाही. तिने माझी बगल नीट शिवली, पण माझी चिठ्ठी तेवढी कुठे गळून पडली. शेजारच्या हिरव्या शापानाने मला पहिल्याच दिवशी विचारलं, की किती हातांतून आलास. मी म्हटलं, एकाच. तो म्हणाला, पोर आहेस.

बाहेर काय घडत होतं ते मला नंतर कळलं. मे अखेर तुरार आजोबांच्या तीन झाडांचे शेंडे काळे पडले. जूनमध्ये टोळी आली. मोल्दीर विद्यापीठाच्या कामाने दूर होती. तिने फोन करून बजावलं होतं, करवती पुसल्याशिवाय हात लावू देऊ नका. आजोबांनी तसं सांगूनही बघितलं. मुकादम हसून म्हणाला, साहेब तर भर सभेत यावर विनोद करून आलेत. आजोबांनी त्यांना आधीच चहा पाजला होता, तळलेले बाउरसाक खाऊ घातले होते. घरचं खाल्लेल्या माणसाच्या हातातली करवत काढून कशी घ्यायची? ते गप्प राहिले. ऑगस्टअखेर सत्तावीस झाडं मुळापासून कापून जाळावी लागली. तेरा उरली.

ऑक्टोबरात आजोबांना ऐंशी पूर्ण झाली. अंगणात मोठं जेवण. ओराझबाय आले, आणि कपाटातून त्यांच्या बायकोने काढून दिला तो मी, कारण बारीक अंगाच्या म्हाताऱ्याला बसेल असा एकच शापान होता. टोळ्यांचे मुकादमही आले होते. ओराझबायांनी खरंच प्रेमाने मला आजोबांच्या खांद्यांवर घातलं. बसलोही छान. मोल्दीर चहा ओतत होती. तिने माझी शिवलेली बगल बघितली आणि तिचा हात थांबला.

आजोबा मान खाजवायला लागले. निळा दोरा टोचत होता. "आत काहीतरी आहे," म्हणत त्यांनी मला उतरवलं आणि उलटं केलं. "पोरी, माझा चष्मा नाहीये. वाच बरं काय लिहिलंय."

मोल्दीर म्हणाली, "नंतर वाचते, आजोबा."

"आत्ता वाच."

तिने वाचलं. फार हळू, पण ओराझबायांपर्यंत पोचलं.

एकोणचाळीस बागा म्हणजे काय, ते आजोबांना कुणी समजावायची गरज नव्हती. तिच्या बुटांना दोनदा तळवे त्यांनीच ठोकून दिले होते. ते बराच वेळ अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. ओराझबायांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आता घरातला कुणीतरी पाहुण्यावर ओरडणार असं मला वाटलं. वाटलं काय, मी वाटच बघत होतो. पण आजोबांनी टेबलावरची सुरी घेतली आणि माझं अस्तर उसवायला सुरुवात केली.

"काय करताय?" शेजारीण म्हणाली.

"झिर्तीस वाटतोय."

वय झालेलं माणूस गेलं की आमच्याकडे कापड फाडून पट्ट्या वाटतात. घेणाऱ्याला तेवढं आयुष्य लाभो म्हणून. ती पट्टी कुणी नाकारत नाही. शेजारीण कानांना हात लावत म्हणाली, "जीभ चावा, तुरार. ते माणूस गेल्यावर करतात, तुम्ही तर समोर बसलाय."

"गेलीत की," आजोबा म्हणाले. "सत्तावीस गेली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे म्हातारीच ती. आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून गप्प बसलो. त्यांचं मयत कुणी केलं नाही, ते आज करतो."

त्यांनी बारा पट्ट्या फाडल्या. सुती कापड, सरळ फाटलो. प्रत्येक मुकादमाच्या हातात एकेक दिली. शेवटी अक्षरांची पट्टी, म्हणजे मी, त्यांनी दोन्ही हातांनी ओराझबायांपुढे धरली.

"ओरेके, तुम्ही विचारलं होतं, स्पिरिट करवतीपर्यंत पोचेल का. हिच्याने पुसा म्हणजे पोचेल."

ओराझबायांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

माझी मखमल आजोबांच्या पेटीत राहिली. ती तशीही पेटीतच शोभायची. माझा जीव कायम अस्तरात होता. बाकीच्या अकरा पट्ट्यांचं मला कानावर येत असतं. बहुतेक मुकादमांच्या कमरेला आहेत, स्पिरिटचा वास मारतात, काळ्या पडल्यात. त्यांचा मला हेवा वाटतो. मी मात्र इस्त्री केलेला, घडी घातलेला, या खणात सात महिने कोरडा पडून आहे. ओराझबाय आल्यागेल्याला मला दाखवतात आणि तुरारच्या घरची झिर्तीस आहे असं सांगतात. म्हणजे पुन्हा मानच. पुन्हा माझ्या नशिबी कपाट.

आज जूनचा पहिला आठवडा. मोटार तालगारच्या वर, त्याच बागेच्या फाटकाशी उभी आहे. मागे मुकादमांची गाडी. आत तेरा झाडं, आणि फाटकात मोल्दीर, एका हातात स्पिरिटची बाटली, दुसरा हात कडीवर. एकेका मुकादमाला ती एकच प्रश्न विचारतेय, "पट्टी आणलीत?" ज्याने दाखवली तो आत गेला. आता ओराझबायांची पाळी आहे, आणि तिने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून कडी उघडलेली नाही.

"गाडीत आहे," ते म्हणाले.

"मग आणा, अगाय. मी थांबते."

त्यांची पावलं मोटारीकडे येताहेत. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही कधी ना कधी कुणाच्या खांद्यावर काहीतरी चढवाल. आधी त्याने काय लिहिलंय ते वाचा. वाचायला वेळ नसेल तर निदान टाळ्या वाजवू नका. आणि ओरेके, तुम्ही खणाचं झाकण उघडताय ते मला दिसतंय. चष्म्याला हात लावू नका, गोळ्यांनाही नको. मला घ्या. मान पुष्कळ झाला माझा. आता मला भिजवा.