भुयार आणि खडूची खूण

स्टुडिओत सगळे तिला दगडूताई म्हणत. नाव ऐकून वाटावं, बाई छिन्नी-हातोड्याची असेल. पण तिचे दगड थर्मोकोलचे. हत्तीएवढा धोंडा एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने ती चहा प्यायची. भुयारातल्या खजिन्याचा सिनेमा निघाला की पहिली आठवण तिची. चोरदरवाजा हवा? दगडूताई. कोसळती कमान हवी? दगडूताईच. खजिन्याच्या पेट्या मात्र दुसरं खातं भरायचं. ती म्हणायची, "सोनं काय, कुणीही चमकवेल. अंधार रंगवून दाखवा!"

अंधार तिला माहेरातून मिळाला होता. बाबांचा उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. त्यांचं काम छत पारखण्याचं. पाळीची माणसं आत शिरण्याआधी ते एकटे पुढे जायचे, लोखंडी टोकाच्या काठीने छत वाजवायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजलं तर छत धडधाकट. ढब्ब वाजलं तर वरचा थर सुटलेला, कधीही अंगावर येईल. छत पास झालं की तोंडाशी खडूने बरोबरची खूण. त्या खुणेच्या भरवशावर माणसं आत उतरायची, आणि बाबांच्या पाळीतली सगळी परत वर यायची.

निवृत्त झाले, तरी खडू खिशातून गेला नाही. घरात नवी शिडी आली. ठोकून पाहिली, खूण. धाकट्या भावाने पंप दुरुस्त केला, खूण. आईने शिवलेली पिशवी ओढून-ताणून पाहिली आणि तिलाही खूण केली, तेव्हा आई म्हणाली, "आता माझं कपाळ तेवढं राहिलंय!"

लेकीच्या दगडांना मात्र कधी खूण मिळाली नाही. "खोट्याला खरं कसं म्हणू, बाळ?" एवढंच म्हणायचे. रागाने नाही, मायेने. म्हणून तर जास्त लागायचं.

या खेपेला सिनेमातला खजिना जुन्या खाणीच्या पोटात दडलेला होता. दगडूताईने जीव ओतला. लाकडी टेकूंवरची काजळी, छतातून झिरपलेल्या पाण्याच्या तांबूस रेघा, येत्याजात्या खांद्यांनी घासून गुळगुळीत झालेली वळणं. रंगवता रंगवता गुणगुणायची,

*काळ्या ग दगडाला, पाझर मी लाविते*
*बापाचा ग अंधार, जगाला दाविते*

भुयार उभं राहिलं आणि तिने बाबांना बोलावलं. ते आढेवेढे घेऊ लागले, तशी आई कडाडली, "लेकीचं काम एकदा डोळ्यांनी बघितलंत तर डोळे झिजतील का?"

आले. इस्त्रीचा सदरा, हातात तीच जुनी काठी. आत शॉट चालू होता. नायक मशाल उंचावून सांगत होता, "खजिना इथेच आहे!" बाबा हळूच भुयारात शिरले आणि त्यांची चाल बदललेली दगडूताईने पाहिली. मान आपोआप खाली, एक हात भिंतीला. रंग ओला आहे, असं ती सांगणार, तोवर काठी वर गेली.

ढब्ब.

"बाहेर! सगळे बाहेर! छत सुटलंय!"

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, कुणी विचारत बसलं नाही. पडद्यावर अजगराला न भिणारा नायक सगळ्यांत आधी उजेडात पोचला. कॅमेरावाला कॅमेऱ्याला मिठी मारून धावला. बाबा तोंडाशी उभे राहून एकेकाला बाहेर लोटत होते. लेकीचा दंड धरून त्यांनी तिलाही ढकललं, आणि मग स्वतः निघाले.

बाहेर पंखे घरघरत होते. भुयाराची मागची बाजू उघडी पडली होती: पांढराशुभ्र थर्मोकोल, फळ्या, खिळे. बाबा बघतच राहिले. कान लाल झाले.

"आजोबा, झालं तरी काय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"छत... पोकळ आहे."

"पोकळच असणार! थर्मोकोल आहे तो!"

हशा पिकला. बाबा काठी पाठीमागे लपवू पाहत होते. दगडूताईला तेवढंच दिसलं.

"अहो, शॉट गेला माझा," दिग्दर्शक कुरकुरला.

"गेला तर परत घेऊ," ती म्हणाली. "पण ज्याने जन्मभर खरी छतं वाजवली, तो माणूस माझं भुयार बघून तुम्हाला वाचवायला धावला! याहून मोठं बक्षीस कुणाकडे असेल तर आणा."

हशा थांबला. "मी काही पळालो नव्हतो," नायक पुटपुटला, "मी दारातच होतो." पुन्हा सगळे हसले, पण या वेळी त्याला.

बाबा काठी टेकवून ठेवून एकटेच आत गेले. तांबूस रेघेवरून बोट फिरवलं. दगडूताई मागोमाग आली.

"पाण्याची रेघ अशी तांबूस असते, तुला कसं कळलं?"

"तुम्ही आईला सांगत होतात. मी झोपलेय असं समजून."

बाबा भुयाराच्या तोंडाशी परत आले. खिशातून खडू निघाला. हात खूण करायला वर गेला. हात तिथेच थांबला.

"छताला खूण नाही देणार. पोकळ ते पोकळ."

"नका देऊ, बाबा." तिला लागलं, पण राग आला नाही. खोटी खूण देणारा बाप तिला नकोच होता.

मग त्यांनी तिला जवळ ओढलं. तिच्या खांद्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान जवळ नेला आणि ऐकलं. अगदी मन लावून ऐकलं.

"खणखणीत," ते म्हणाले. आणि रंगाने बरबटलेल्या तिच्या बाहीवर खडूने ठसठशीत बरोबरची खूण ओढली.

सिनेमा लागला तेव्हा बाबा थिएटरात जाऊन बसले. सोन्याच्या पेट्या उघडल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाबा ढिम्म. त्यांचं लक्ष वर, छताकडे. न राहवून त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं.

"ते छत बघा. माझ्या लेकीचं आहे. आतून पोकळ."

"काहीतरीच! वाटत नाही हो."

"कसं वाटेल?" बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "मीसुद्धा फसलो होतो!"